दहावीनंतरचे विषय आणि कलेक्टरकीचा खरा खर्च

दहावीचा निकाल लागला की अकरावीच्या अर्जात शाखा भरायची वेळ येते, आणि ज्या घरातलं मूल "मला कलेक्टर व्हायचंय" म्हणतं त्या घरात वादाला तोंड फुटतं. मामा म्हणतो, आर्ट्स घे, इतिहास-भूगोल तिथंच असतो. शेजारचे म्हणतात, एवढी हुशार पोरगी, आर्ट्सला घालून वाया घालवू नका. क्लासवाला म्हणतो, अकरावी-बारावी आणि यूपीएससी आमच्याकडे एकत्रच होतं, फक्त आज नाव नोंदवून टाका. या प्रत्येक सल्ल्यामागे काही हजारांपासून काही लाखांपर्यंतचा खर्च उभा असतो आणि तो भरायचा असतो आईवडिलांना. म्हणून शाखेचा निर्णय आणि पैशाचा हिशेब एकाच बैठकीत व्हावा, असं मला कळकळीनं वाटतं.

आधी नियम काय सांगतो ते पाहू. प्रशासकीय, पोलीस, परराष्ट्र, महसूल या सेवांसाठी केंद्रीय लोकसेवा आयोग (यूपीएससी) जी नागरी सेवा परीक्षा घेतो, तिला मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी चालते. बारावीला कोणते विषय होते, किती टक्के पडले, याची अट नाही. एमपीएससीच्या राज्यसेवेतून उपजिल्हाधिकारी किंवा तहसीलदार व्हायलाही पदवी पुरते. २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेत देशात पहिल्या आलेल्या शक्ती दुबे जीवरसायनशास्त्राच्या पदवीधर, आणि त्यांनी मुख्य परीक्षेला वैकल्पिक विषय घेतला राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध. तिसरे आलेले आपल्याकडचे अर्चित डोंगरे इलेक्ट्रिकलचे इंजिनिअर, त्यांचा वैकल्पिक विषय तत्त्वज्ञान. दोघांच्याही बारावीच्या विषयांशी आयोगाला काही देणंघेणं नव्हतं.

विषयामुळे बंद होणारे दरवाजे

तरीही शाखेनं काही दरवाजे बंद होतात आणि ते आत्ताच माहीत असायला हवेत. भारतीय वनसेवेची पूर्वपरीक्षा नागरी सेवेबरोबरच होते, पण तिला साधी बीए चालत नाही. पदवीला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, भूगर्भशास्त्र, पशुसंवर्धन व पशुवैद्यक यांपैकी किमान एक विषय लागतो, नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा इंजिनिअरिंगची पदवी. एनडीएतून हवाई दल किंवा नौदलात जायचं तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं; भूदलाला कोणतीही शाखा चालते. केंद्राच्या अभियांत्रिकी सेवेला इंजिनिअरिंगची पदवी लागते, आणि राज्याच्या अभियांत्रिकी किंवा कृषी सेवांनाही त्या त्या विषयाची. भारतीय आर्थिक सेवेला अर्थशास्त्रातलं पदव्युत्तर शिक्षण लागतं. मुलाच्या मनात जंगल, विमान किंवा पूल-धरणं असतील तर सायन्स सोडू नका. जिल्हा, तालुका, पोलीस ठाणं असेल तर शाखेचं बंधन नाही.

मग निवड कशावर करायची? माझं मत स्पष्ट आहे. जी शाखा मूल मनापासून वाचेल आणि जिच्यातून, परीक्षेत यश आलं नाही तरी, चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी चार पैसे कमावता येतील, ती शाखा घ्यावी. कारण आकडे डोळ्यांसमोर आहेत. २०२४ च्या परीक्षेला सुमारे ९ लाख ९२ हजार अर्ज आले, सुमारे ५ लाख ८३ हजार जण पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले आणि शेवटी निवड झाली १,००९ जणांची. बाकीच्यांत मेहनती, हुशार मुलं हजारोंनी होती. त्यांच्या हातात पदवीखेरीज दुसरं काय होतं, यावर त्यांचं पुढचं आयुष्य ठरलं.

आर्ट्स, सायन्स, कॉमर्स: कशाला किती

आर्ट्सचा मोठा फायदा वेळेचा आणि पैशाचा. अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात वर्षाची फी साधारण काही शे ते दोन-तीन हजार रुपयांत भागते, मुलींचं शिकवणी शुल्क तर माफच असतं, आणि खासगी शिकवणीची गरज बहुतेकांना पडत नाही. इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र हे चार विषय घेतले तर पुढे मुख्य परीक्षेतल्या सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांचा पाया अकरावीपासूनच घातला जातो. समाजशास्त्र, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान हेही यूपीएससीच्या वैकल्पिक विषयांच्या यादीत आहेत. एखाद्या मुलीनं अकरावीला भूगोल घेतला, बीए भूगोलात केलं आणि तोच विषय पुढे 'ऑप्शनल' ठेवला, तर ऑप्शनलच्या क्लासचे चाळीस-पन्नास हजार आणि नवा विषय शिकण्यातले पाच-सहा महिने वाचतात. मुख्य परीक्षेच्या १,७५० गुणांपैकी ५०० गुण या एका विषयाला आहेत. तो पाच वर्षं मुरलेला असणं म्हणजे मोठीच शिदोरी.

आर्ट्सचा धोकाही तितकाच खरा. बीए झाल्यावर लगेच पगाराची नोकरी मिळणं अवघड असतं. म्हणून आर्ट्स घेणाऱ्या मुलानं पदवी करताना किंवा तिच्या पाठोपाठ एखादं हातचं कौशल्य जोडून ठेवावं: बीएडची वाट, कायद्याची पदवी, भाषांतर, जीआयएससारखं नकाशाचं काम, काहीही. त्यातली सगळ्यात स्वस्त सोय म्हणजे टायपिंग. एमपीएससीतून भरल्या जाणाऱ्या कर सहायक पदाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेगाचं शासकीय प्रमाणपत्र लागतं. एका भाषेचा कोर्स गावातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये साधारण पाच-सहा हजारांत होतो. बारावीनंतर दोन्ही भाषांचे कोर्स उरकले की दोन-तीन भरत्यांचे दरवाजे आयुष्यभरासाठी उघडे राहतात.

सायन्सचा खर्च कॉलेजात कमी आणि क्लासमध्ये जास्त. जेईई किंवा नीटच्या क्लासला वर्षाला लाख-सव्वा लाख ते शहरात दोन-अडीच लाख मोजणारी घरं मी रोज पाहते. मुलाला खरोखर इंजिनिअर किंवा डॉक्टर व्हायचं असेल आणि पुढे परीक्षा द्यायची असेल, तर तो खर्च योग्य जागी आहे, कारण त्यातून स्वतंत्र पोटापाण्याची सोय होते. पण "आयएएस व्हायचंय, म्हणून सायन्स" या एकाच कारणासाठी तो करू नका. सायन्समध्ये रस आहे पण क्लासची ऐपत नाही, अशा घरासाठी मधला मार्ग आहे: बारावी सायन्स साधी करायची आणि बीएस्सी अनुदानित कॉलेजातून. वनसेवेचा दरवाजाही उघडा राहतो. काही कनिष्ठ महाविद्यालयांत सायन्सलाही भूगोल घेता येतो. प्रवेशाआधी चौकशी केलीत तर बरं.

कॉमर्स घेणाऱ्याला अर्थव्यवस्था, अर्थसंकल्प, कर हे विषय जवळचे होतात, वाणिज्य व लेखाशास्त्र हा वैकल्पिक विषयही आहे आणि हिशेबाची नोकरी लवकर मिळते. इतिहास-भूगोल मात्र घरी वाचावा लागतो.

मराठी सोडण्याची किंमत

आता त्या निर्णयाबद्दल, ज्याकडे घरात कुणाचंच लक्ष नसतं. आपल्या बोर्डात अकरावीला इंग्रजी सक्तीचं आहे आणि दुसरी भाषा म्हणून बहुतेक जण मराठी किंवा हिंदी घेतात. पण त्या जागी माहिती तंत्रज्ञान घेता येतं, आणि द्विलक्षी विषय घेतला तर दुसरी भाषा सुटतेच. "आयटीत ऐंशीच्या वर सहज पडतात, मराठीत कशाला डोकं लावता" हा सल्ला कॉलेजच्या प्रवेश खिडकीवरच मिळतो. मूल दहावीनंतर मराठीत एक पानही लिहीत नाही, आणि सात-आठ वर्षांनी यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत ३०० गुणांचा भारतीय भाषेचा पेपर समोर येतो. त्याचे गुण बेरजेत धरत नाहीत, पण त्यात २५ टक्के, म्हणजे ७५ गुण पडले नाहीत तर निबंध, सामान्य अध्ययन आणि ऑप्शनलचे पेपर मोजणीत धरलेच जात नाहीत. वर्षभराची मेहनत तिथंच थांबते. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून यूपीएससीसारखी वर्णनात्मक झाली, तिथंही मराठीचा ३०० गुणांचा पात्रता पेपर आहे.

या पेपरात काय असतं ते एकदा जवळून पाहा. एक निबंध. एक उतारा आणि त्यावरचे प्रश्न. एका लांब उताऱ्याचा एक-तृतीयांश शब्दांत सारांश. एक परिच्छेद इंग्रजीतून मराठीत, एक मराठीतून इंग्रजीत. शेवटी वाक्प्रचार, समानार्थी शब्द, वाक्यं दुरुस्त करणं. यातलं बरंचसं दहावीच्या मराठीच्या पुस्तकात असतंच. अवघड जातं ते हातानं, वेळेत, काना-मात्रा सांभाळून लिहिणं. जे मूल सात वर्षं मोबाइलवर रोमन अक्षरांत मराठी टाइप करत आलं, त्याचा हात इथं अडखळतो.

यावरचा इलाज फुकट आहे. दर रविवारी वर्तमानपत्रातला एक अग्रलेख घ्यायचा, शब्द मोजायचे, आणि त्याचा बरोबर तिसरा हिस्सा शब्दांत सारांश वहीत लिहायचा. अग्रलेख ६०० शब्दांचा असेल तर २००. मूळची वाक्यं उचलायची नाहीत. पहिल्या महिन्यात बहुतेक मुलं ३०० वर जाऊन थांबतात, कारण काय सोडायचं हे ठरवता येत नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हात बसतो. त्याच अग्रलेखातला एक परिच्छेद इंग्रजीत करून पाहायचा. आईबाबांपैकी कुणीतरी तो मोठ्यानं वाचावा. कुठं अडतं ते ऐकतानाच कळतं. हे दोन वर्षं सातत्यानं झालं तर अकरावीला आयटी घेतलं काय नि मराठी घेतलं काय, फरक पडत नाही. तेवढं होणार नसेल, तर मराठी घ्या आणि दहा-पंधरा गुण गेले तर जाऊ द्या.

आणखी एक. यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मुलाखतही मराठीतून देता येते, आणि मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय आहे. पण पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका फक्त हिंदी आणि इंग्रजीत असते. म्हणजे मराठी माध्यमाच्या मुलाला लिहायला मराठी चालेल, वाचायला मात्र इंग्रजी पक्कं हवं.

दहावीचं गणित

पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर, सीसॅट, २०११ मध्ये आला आणि २०१५ पासून फक्त पात्रतेपुरता राहिला. ८० प्रश्न, २०० गुण, ३३ टक्के हवेत. एकही उत्तर चुकलं नाही असं धरलं तरी २७ प्रश्न बरोबर यावे लागतात, आणि चुकीला एक-तृतीयांश गुण कापले जातात. अभ्यासक्रमात अंकज्ञान दहावीच्या पातळीचं असं लिहिलेलं आहे: टक्केवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग, तक्ते. आर्ट्सची कितीतरी तयारीची मुलं पहिल्या पेपरात चांगले गुण मिळवून इथं अडकतात, कारण दहावीनंतर गणिताचं पुस्तक रद्दीत गेलेलं असतं. ते पुस्तक ठेवा. आठवड्याला दोन तास त्यातली उदाहरणं सोडवली तरी पुरे. आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका संकेतस्थळावर फुकट मिळतात.

आठवीतलं मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल आणि उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल, तर एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा. बौद्धिक चाचणीचे प्रश्न सीसॅटच्या जवळचे असतात, आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. त्या वयात करण्यासारखी तयारी तेवढीच.

आठवीपासूनचा 'आयएएस फाउंडेशन'

हा भाग मी जरा सविस्तर लिहिते, कारण पैसे इथंच बुडतात. जिल्ह्याच्या गावांतूनही आता सातवी-आठवीपासून आयएएस फाउंडेशनचे वर्ग निघालेत. वर्षाला वीस-पंचवीस हजारांपासून, निवासी असेल तर लाख-दीड लाखापर्यंत फी. तेरा वर्षांच्या मुलाला तिथं चालू घडामोडी पाठ करायला लावतात. त्या घडामोडी मूल पदवीधर होऊन परीक्षेला बसेपर्यंत आठ वर्षं जुन्या झालेल्या असतात. परीक्षेच्या वर्षी १ ऑगस्टला एकवीस वर्षं पूर्ण होत नसतील तर नागरी सेवेचा अर्जच भरता येत नाही.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलाला प्रवेश देऊ नये, दहावीची परीक्षा झाल्यावरच घ्यावं, असं त्यात म्हटलं आहे. रँकची किंवा निवडीची हमी देऊ नये, फीची पावती द्यावी, मुलानं मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, वसतिगृहाचे पैसेही त्याच हिशेबानं द्यावेत, हेही त्यात आहे. अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली आहे, पण वाद घालताना हा कागद हातात असणं फार उपयोगी पडतं.

दुसरा तितकाच महागडा निर्णय म्हणजे 'एनसीईआरटीची पुस्तकं लागतात' म्हणून मराठी शाळेतलं मूल आठवीत सीबीएसईच्या शाळेत घालणं. तालुक्याच्या गावात अशा शाळेची फी, गणवेश, बस धरून वर्षाला साठ-सत्तर हजार सहज जातात. पाच वर्षांचे तीन लाख धरा. आणि सहावी ते बारावीची इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्राची एनसीईआरटीची सगळी पुस्तकं विकत घेतली तर दोन-तीन हजारांत येतात. त्यांच्या संकेतस्थळावर तर ती फुकटच आहेत. बालभारतीचीही आहेत, आणि महाराष्ट्राचा इतिहास-भूगोल राज्यसेवेला बालभारतीच्याच पुस्तकांतून वाचला जातो. शाळा दुसऱ्या कारणानं बदलायची असेल तर जरूर बदला. परीक्षेसाठी बदलायची गरज नाही.

खरा खर्च पदवीनंतर

आयोगाचं शुल्क पाहिलं तर ही गरिबातल्या गरीब घरालाही परवडणारी परीक्षा आहे. पूर्वपरीक्षेला १०० रुपये, मुख्यला २००. मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना तेही माफ. खर्च होतो तो राहण्याचा, खाण्याचा आणि वाट पाहण्याचा. पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ, नारायण पेठ भागात राहून अभ्यास करणाऱ्या मुलाचा एक महिना मी इथं मांडते. आकडे ढोबळ आहेत, गल्लीगणिक शे-पाचशेचा फरक पडतो, पण बेरीज साधारण इथंच येते.

कॉट बेसिसवर खोली: ४,०००
मेस, दोन वेळचं जेवण: ३,२००
अभ्यासिका: १,२००
चहा-नाश्ता: १,५००
पुस्तकं, झेरॉक्स: ८००
मोबाइल, प्रवास, औषधपाणी: ८००

महिन्याचे ११,५००, म्हणजे वर्षाचे १ लाख ३८ हजार. तीन वर्षांचे ४ लाख १४ हजार. यूपीएससीचा क्लास लावला तर पुण्यात लाख-सव्वा लाख. १ लाख २० हजार धरले तर १८ टक्के जीएसटीनं ते १ लाख ४१ हजार ६०० होतात. टेस्ट सिरीज आणि ऑप्शनलच्या नोट्स-मार्गदर्शनाला ४५ हजार. बेरीज सहा लाखांच्या वर. दिल्लीत ओल्ड राजेंद्र नगरला गेलात तर नुसतं खोलीभाडंच पुण्याच्या सगळ्या महिन्याएवढं होऊ शकतं. आणि या तीन वर्षांत मूल महिन्याला पंधरा हजार कमावलं असतं, तर ते ५ लाख ४० हजारही हिशेबात येतात. शेतकरी घरात हे पैसे बहुतेकदा एका मोटारसायकलीच्या, एका बैलजोडीच्या किंवा बहिणीच्या शिक्षणाच्या वाट्याचे असतात. मुलांना ते ठाऊक असतं, आणि त्याचं ओझं घेऊनच ती अभ्यासिकेत बसतात.

या आकड्यांशेजारी आठवी ते दहावीच्या फाउंडेशनचे ७५ हजार ठेवून पाहा. तेवढ्यात पुण्यात साडेसहा महिने राहता येतं, म्हणजे पूर्व ते मुख्य परीक्षेपर्यंतचा सगळा काळ निघतो. म्हणून मी शाळकरी मुलांच्या पालकांना एवढंच सांगते: आत्ता परीक्षेसाठी खर्च करू नका. तेच पैसे पोस्टात किंवा बँकेत आवर्ती ठेवीत घाला आणि मूल पदवीच्या शेवटच्या वर्षाला पोचेपर्यंत त्याला हात लावू नका.

पदवीचा खर्चही याच पिशवीतून जातो. अनुदानित कॉलेजातली बीए किंवा बीकॉम वर्षाला पाच-दहा हजारांत होते. खासगी इंजिनिअरिंगला वर्षाला लाखाच्या आसपास. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी दोन्ही आयोगांना चालते आणि ती करताना मूल नोकरीही करू शकतं. मुलीला इंजिनिअरिंग करायचं असेल आणि कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क राज्यानं २०२४-२५ पासून पूर्ण माफ केलं आहे. केंद्रीभूत प्रवेश फेरीतून प्रवेश घेतला तरच ही सवलत लागते.

प्रयत्न किती करायचे हेही घरातच, तारखेसकट ठरावं. खुल्या गटाला यूपीएससीचे सहा अटेम्प्ट आणि वय ३२; इतर मागासवर्गाला नऊ आणि ३५; अनुसूचित जाती-जमातींना वय ३७ पर्यंत मोजदाद नाही. राज्यसेवेला खुल्या गटाचं वय ३८, मागासवर्गाचं ४३. हे आकडे आयोगाची मर्यादा सांगतात. घराची मर्यादा वेगळी असते. तीन वर्षं पूर्णवेळ, पुढचे प्रयत्न नोकरी करता करता, असं ठरवलेलं घर मुलाच्या पाठीशी जास्त काळ उभं राहू शकतं.

सरकारी सोयी आधी पाहा

खासगी क्लासचा हप्ता भरण्याआधी या संस्थांची माहिती घ्या. मुंबईत राज्य प्रशासकीय व्यवसाय शिक्षण संस्था आहे, आणि नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती इथं तिच्या धर्तीची पूर्वप्रशिक्षण केंद्रं. प्रवेश परीक्षेतून मिळतो आणि शिकवणी जवळजवळ फुकट. पुण्यात यशदा या शासकीय प्रशिक्षण संस्थेतही असं केंद्र आहे. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, आदिवासी मुलांसाठी टीआरटीआय या संस्था चाळणी परीक्षा घेऊन खासगी क्लासची फी भरतात आणि वर विद्यावेतन देतात. जाहिराती वर्षातून ठरावीक वेळेला येतात आणि मुदत थोडी असते. पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून या संकेतस्थळांवर महिन्यातून एकदा नजर टाकायची सवय मुलाला लावा.

खासगी क्लास घ्यायचाच झाला, तर एकरकमी फी भरू नका. हप्ते मागा, पावतीवर जीएसटी क्रमांक पाहा, फी परतीची अट लेखी घ्या. 'भरलेली फी परत मिळणार नाही' असं छापलं म्हणून ते कायद्यानं बरोबर ठरत नाही. भिंतीवरच्या यशस्वी उमेदवारांच्या फोटोंखाली कोणता कोर्स लिहिलाय ते विचारा. अनेकदा त्या मुलांनी तिथं फक्त मुलाखतीचा फुकट सराव केलेला असतो. ही माहिती लपवल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अनेक क्लासना दंड केला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध नियमावली काढली. फसवणूक झाली तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथं निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे: पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. क्लास पुण्यात असला तरी लातूरच्या पालकाला लातूरला दाद मागता येते.

दहावीचा अर्ज भरताना

शेवटचं काम बिनखर्चाचं आहे आणि त्याची वेळ दहावीतच असते. यूपीएससी जन्मतारीख मानतं ती दहावीच्या प्रमाणपत्रावरची. नंतर आधार, जन्मदाखला काहीही दाखवलं तरी ती बदलत नाही. शाळा बोर्डाचा अर्ज भरते तेव्हा छापील यादी पालकांना दाखवते. ती घाईत सही करून परत देऊ नका. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आईचं नाव आणि जन्मतारीख जन्मदाखला, आधार आणि जातीच्या दाखल्याशी अक्षर-अक्षर जुळवा. इंग्रजी स्पेलिंगही. चूक निघाली तर मुख्याध्यापकांना तिथल्या तिथं लेखी द्या आणि पोच घ्या. बोर्डाचं प्रमाणपत्र छापून आल्यावर तीच दुरुस्ती प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि विभागीय मंडळाच्या खेपांवर जाते. राखीव प्रवर्गातल्या मुलांनी जात पडताळणीचा अर्ज बारावीत कॉलेजमार्फत करून टाकावा; कागदपत्रं जमवायला गावच्या शाळेतून आजोबांच्या निर्गम उताऱ्यापर्यंत जावं लागतं, आणि ते काम मूल अभ्यासिकेत बसलेलं असताना होत नाही.